मागच्या खोलीतले भाडेकरू

हिरवा कसा असतो, लेक पुसते बाई मला
चुरून कोथिंबीर तिच्या हातात हिरवा दिला

आईचा हा आवाज सुवर्णाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. भाजी निवडता निवडता आई गायची. ओवी कुणाकडून ऐकलेली नसायची. समोर जे असेल ते उचलायचं आणि ओवीत बसवायचं. परडीत कोथिंबीर असली की हिरवा, पातेल्यात आमरस असला की पिवळा. जन्मल्यापासून डोळ्यांना काही न दिसलेल्या लेकीच्या तळहातावर ती एकेक रंग ठेवत होती, प्रसाद ठेवावा तसा.

पिवळा कसा असतो, लेक पुसते घडीघडी
आंब्याच्या रसात तिची बोटं बुडविली थोडी

एकदा पांढऱ्याची ओवी अर्ध्यावर आली असताना सुवर्णानं मध्येच विचारलं, "आई, मला कधी दिसेल गं?"

ओवी तुटली. विळीवर भेंडी चिरल्याचा आवाज तेवढा येत राहिला, तोही अडखळत. मग आई म्हणाली, "दिसेल की." पण तो आवाज ओला होता, आणि ओला आवाज ओळखायला सुवर्णाला डोळे लागत नव्हते. त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न गिळला. पुढं कुणी हळहळलं की ती आधीच हसून म्हणायची, "मला काय कमी आहे?" म्हणता म्हणता ते वाक्य तिच्या अंगाला चिकटून गेलं.

आणि खरंच, कमी काही नव्हतं. मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात ती सून होऊन आली आणि वर्षभरात तिच्या कानाचा बोलबाला झाला. कारखाना म्हणजे काय, पुढची एक लांबट खोली. आढ्याला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात लाकडाचा भुसा आणि खाली चटईवर नवरा गुरुपाद. तंबोऱ्याचं लाकूडकाम सगळं त्याचं. पण तार छेडल्यावर एका स्वराच्या पोटातून दुसरे स्वर फुलत बाहेर यावेत, त्याला जवारी म्हणतात, आणि ती लावण्याचं काम दोघांचं. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर गुरुपाद कानस फिरवायचा, तारेखाली घातलेला बारीक दोरा केसभर सरकवायचा. सुवर्णा एक तळवा भोपळ्यावर ठेवायची आणि दुसरा त्याच्या मनगटावर.

जवारी लागताना बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. बोललं की ताराही गुणगुणायला लागतात आणि कान फसतो. म्हणून सुवर्णा बोटानं बोलायची. मनगटावर टिचकी म्हणजे दोरा पुढं. नख ओढलं म्हणजे मागं. चिमटा म्हणजे, "लक्ष कुठं आहे तुमचं?" गुरुपादाच्या मनगटावर चिमट्यांचा एक कायमचा लाल पट्टा असायचा. लोक विचारायचे, "घड्याळ घट्ट होतंय का हो?"

"तुमचे कान म्हणजे नुसतं सागाचं लाकूड," ती म्हणायची.

"साग महाग असतो," तो म्हणायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना एका सकाळी गुरुपादानं फोनवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. गावातच नवीन दृष्टिकेंद्र निघालं होतं. जन्मतः न दिसणाऱ्या मोठ्या माणसांनाही तिथं दिसायला शिकवणार होते. वाचून झाल्यावर त्यानं फोन खाली ठेवला. सुवर्णानं जवळचा तंबोरा ओढला. मग तारेवर बोट फिरवत म्हणाली, "तुमची एवढी हौस आहे, तर जाऊन येऊ."

आपण हौस कधी बोलून दाखवली, हे गुरुपादाला आठवेना. पण तो उठला आणि त्यानं रिक्षा बोलावली. गावात आता बिनड्रायव्हरच्या रिक्षा फिरत होत्या. "कृपया पदर सांभाळा," रिक्षा म्हणाली.

"तूच सांभाळ तुझं तोंड," बरोबर आलेली थोरली जाऊ मालनअक्का तिला म्हणाली. अक्का कुठंही बरोबर यायची. विचारायची पद्धत नव्हती.

केंद्रातली डॉक्टर तहसीन मुजावर मिरजेचीच होती, बोलायला भरभर आणि हसायला त्याहून भरभर. म्हणाली, "सुवर्णाताई, तुमच्या डोळ्यात मागं एक पडदा आहे. त्यावरच्या उजेड झेलणाऱ्या पेशी जन्मापासून विझलेल्या आहेत. पण त्यांच्या मागची रांग, मेंदूकडं निरोप नेणारी, ती जिवंत आहे. बिचारी इतकी वर्षं निरोपाची वाट बघत बसलीय. तळ्यातलं शेवाळ उजेड कुठं आहे ते ओळखून तिकडं सरकतं. ज्या जनुकामुळं त्याला हे कळतं, ते आम्ही या निरोप्या पेशींत नेऊन ठेवतो. मग त्यांना स्वतःलाच उजेड कळायला लागतो."

"म्हणजे माझ्या डोळ्यात शेवाळ लावणार?"

"शेवाळ नाही. शेवाळाची अक्कल."

मालनअक्का खूश झाली. "माझ्या नवऱ्याच्या डोक्यात बी घाला की थोडी."

हसणं ओसरल्यावर डॉक्टर म्हणाली, "हे सोपं काम. अवघड पुढंच आहे. डोळा बघत नाही, ताई. डोळा नुसते विजेचे ठोके पाठवतो. त्या ठोक्यांत ना आकार असतो, ना अंतर, ना कुणाचा चेहरा. डोक्याच्या मागच्या भागात पाहण्याची एक खोली आहे, तिथं बसून मेंदू त्या ठोक्यांचा अर्थ लावतो. ही वस्तूची कड, ही नुसती सावली, हे जवळचं, ते लांबचं. तान्हं बाळ दुसरं काय करत असतं? जे दिसेल ते धरायचं, तोंडात घालायचं, आणि हाताला कळलेलं डोळ्याच्या ठोक्यांशी जुळवत राहायचं. तुमची ती खोली तशीच राहिली. पण रिकामी नाही राहिली हां! डोळ्यांचा पत्ता नाही म्हटल्यावर तिथं कान आणि बोटं भाडेकरू म्हणून येऊन राहिली. चांगला संसार थाटलाय त्यांनी. तुम्ही जे बारीक ऐकता ना, ते त्या जास्तीच्या जागेवर."

सुवर्णा म्हणाली, "आणि आता मालक परत आला तर?"

"भाडेकरूंना सरकावं लागेल," डॉक्टरनं आडपडदा न ठेवता सांगितलं. "मेंदू पुन्हा बाळासारखा लवचीक व्हावा म्हणून नाकात मारायचा एक फवारा देऊ. पावसाळाभर चालेल असा औषधाचा एक हप्ता. मग थांबून विचार करायचा. तिथंच सोडलं तर कान आपली जागा परत घेतील, आणि दिसणं थोडंसं, अंधूक राहील. दुसरा हप्ता घेतला तर खोली डोळ्यांची. ऐकू सगळ्यांसारखंच येईल. पण आज जे येतं ते कदाचित नाही. आणि मग मागं फिरता येत नाही."

रिक्षा घरापुढं थांबली. दारात गुरुपाद म्हणाला, "तूच ठरव."

"पहिल्या हप्त्यानं काय बिघडतंय?" सुवर्णा म्हणाली. "तुमची हौस तर पुरी होईल."

डोळ्यात सुई टोचली ती आषाढाच्या सुरुवातीला. उजेड वाढवून देणारा जाड काचांचा चष्मा काही आठवड्यांनी चढला. आणि उजेड आला!

उजेड म्हणजे गोंगाट, हे सुवर्णाला कुणी सांगितलंच नव्हतं. मंगळवारच्या बाजारात सगळे विक्रेते एकाच वेळी ओरडताहेत, आणि कोण मिरची विकतोय, कोण बांगड्या, काहीच उमगत नाही, तसं. समोर काहीतरी दाटलं होतं, त्यात काहीतरी विरत होतं, पण "हे अमुक" असं म्हणायला त्यात एक जागा सापडेना. चष्मा काढला की शांतता. चष्मा लावला की बाजार.

अंगणातल्या गमती तर विचारू नका. वाळत घातलेल्या कपड्यांच्या काठीची सावली जमिनीवर पडली होती. सुवर्णानं निऱ्या उचलून ती टुणकन ओलांडली. मग पडवीत कौलाच्या फटीतून पडलेला उन्हाचा चौकोन तिला दिसला. ती वाकली आणि जमीन चाचपू लागली.

"काय हुडकतीस गं?" मालनअक्कानं विचारलं.

"ही चादर कुणी टाकलीय इथं? हाताला लागेना."

"अगं बाई, ऊन हाय ते!" अक्काला हसून ठसका लागला. "ऊन गोळा करून आत नेतीस व्हय? ने, ने. पापड वाळतील माझे."

सुवर्णानं तळवा तिथंच ठेवला. ऊब लागली. ऊन तिला जन्मापासून ठाऊक होतं, पण त्याला कोपरे असतात हे आजच कळलं. ती स्वतःशीच हसली. डोळ्यातला एक ठोका आणि तळव्यातली एक ऊब, दोन्ही एकमेकांना पहिल्यांदा भेटले होते.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. स्थिर असलेलं सगळं एकमेकांत मिसळून जाई, पण जे हले ते वेगळं निघे. कोंबडी उभी असली की अंगणाचाच भाग, चालू लागली की कोंबडी. डॉक्टर म्हणाली, असंच व्हायला हवं. जे तुकडे एकत्र हलतात ते एकाच वस्तूचे, हा मेंदूचा सगळ्यात जुना हिशेब आहे आणि तो सगळ्यात आधी जमतो.

यात पंचाईत झाली गुरुपादाची. मुळात शांत माणूस. बोलताना पापणीसुद्धा हलवायचा नाही. भिंतीपुढं उभा राहिला की सुवर्णाला भिंतच दिसे.

"अहो, हला की जरा. हरवलात."

मग तो बिचारा हलायला लागला. जेवताना मान डोलवायचा, बोलताना एक हात वाऱ्यावर सोडायचा, दारात उभं राहायचं तर झोके घेत. शेजारपाजारी कुजबुज झाली. एक म्हातारे गृहस्थ मालनअक्काला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुपादाला उतारा करा. काहीतरी लागलंय त्याला."

"बायको लागलीय," अक्का म्हणाली. "तिला उतारा नसतो."

मात्र जे कुणाला दिसत नव्हतं ते सुवर्णाला ऐकू येत होतं. किंवा खरं सांगायचं तर, ऐकू येत नव्हतं.

विदुला नावाच्या गायिकेच्या तंबोऱ्याची जोडी कामाला घेतली होती. सुवर्णानं भोपळ्यावर तळवा ठेवला, गुरुपादानं तार छेडली. षड्जाच्या पोटात गंधार असतो. तो तिला कायम असा ऐकू यायचा, की शेजारच्या खोलीतून कुणी नावानं हाक मारावी. आज हाक आली नाही. म्हणजे आली असेल, पण मधलं दार कुणीतरी लोटून घेतलं होतं. तिनं चष्मा काढला, डोळे मिटले, श्वाससुद्धा धरला. दार लोटलेलंच.

तिनं अंदाजानं टिचकी मारली. अंदाजानं नख ओढलं. मग मनगट सोडून दिलं, म्हणजे "लागली". "हो," म्हणत गुरुपादानं कानस खाली ठेवली.

डॉक्टरनं विचारलं, "कानाचं काय?"

"झकास," सुवर्णा म्हणाली.

विदुला आली, चटईवर बसली, तंबोरा मांडीवर घेतला. चारी तारा छेडल्या आणि गायचं सोडून त्याच पुन्हा पुन्हा छेडत राहिली. मग म्हणाली, "काकू, तुमचा हात धरू का? अशी जवारी मी अजून ऐकली नाही."

सुवर्णानं हात दिला. पण मनात म्हणाली, हे कसं झालं? अंदाजाची जवारी एकदा लागते, देवाची कृपा म्हणावं. पुढच्या महिन्यात गेलेल्या तंबोऱ्याचीही तारीफ आली. त्याच्या पुढच्याचीही. देव एवढा रिकामटेकडा नसतो.

आणि मग ती दुपार आली. पाऊस उघडून स्वच्छ ऊन पडलं होतं. सुवर्णानं नेहमीसारखं गुरुपादाचं मनगट सोडलं, "लागली" म्हणून उठली, आणि पाणी प्यायला माजघरात गेली. तांब्या तोंडाला लावता लावता तिनं चष्मा चढवला आणि सहज पुढच्या खोलीकडं तोंड केलं. तिथं नेहमीचाच रंगांचा काला होता.

त्या काल्यातून काहीतरी सुटं झालं.

दोन बारीक गोष्टी जवळ आल्या. एकमेकींना टेकल्या. केसभर पुढं गेल्या, थांबल्या, त्याहून थोडं मागं आल्या. सुवर्णाच्या तळव्यात एकदम मुंग्या आल्या. ही हालचाल तिला पाठ होती! इतकी वर्षं मनगटावर हात ठेवून तिनं ती आतून अनुभवली होती. पुढं, थांब, जरासं मागं. ती दोरा सरकवणारी बोटं होती. आणि बोटं ओळखू आली तशी त्यांच्यामागून मनगट आलं, कोपर आलं, खांदा आला, एका बाजूला कललेलं डोकं आलं. एखादं गाणं एका सुरावरून सगळंच आठवावं तसा तिच्यासमोर सबंध गुरुपाद जमून आला. कसलेही झोके न घेणारा. आपल्याच कामात गढलेला. लाकडाचे म्हणवले जाणारे कान तारेशी लावून बसलेला.

हात जे जाणत होता ते डोळ्याला सापडलं होतं. मागच्या खोलीत भाडेकरूनं मालकाच्या हाती किल्ली दिली होती.

तांब्यातलं पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं. मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपण "लागली" म्हटलेला दोरा हा माणूस पुन्हा लावतोय.

"कधीपासून?" तिनं दारातून विचारलं.

गुरुपाद दचकला. "काय कधीपासून?"

"माझ्या मागं दोरा सरकवताय ते."

"तुला कुणी सांगितलं? अक्कानं?"

"दिसलं."

गुरुपादाच्या हातातून कानस पडली. "दिसलं? दोरा सरकवताना दिसलं? बोटं दिसली तुला?" आणि तो उठून नाचायलाच लागला. "अक्का! अहो अक्का! हिला दिसलं!"

मालनअक्का पिठाच्या हातानं धावत आली. "काय दिसलं?"

"मी चोरी करताना दिसलो!"

"मग नाचतोस काय? आधी ऐकून घे की तिचं," अक्का म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

सुवर्णाला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला बघत होते. "मला सांगायचं नाही? मी मेली अंदाजानं टिचक्या मारतेय, आणि तुम्ही 'हो, हो' म्हणताय!"

"तू तरी कुठं सांगितलंस?" गुरुपाद म्हणाला. "कान उतरलाय हे मला विदुलाच्या जोडीलाच कळलं. तुझं बोट अडखळत होतं. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तू फवारा उकिरड्यावर टाकला असतास."

"पण तुमचे कान..."

"सागाचे. माहीत आहे." त्यानं मनगट तिच्यापुढं धरलं. "पण तू इतकी वर्षं चिमटे काढून काढून ते कोरलेस. भोपळा नाही का आतून कोरत? एक दिवस वाजायला लागला."

सुवर्णानं त्याच्या मनगटावरचा पट्टा पाहिला, मग चाचपला. दोन्ही जुळत होतं. तिनं एक चिमटा काढला, जोरात, आणि तिथंच बसून पोटभर हसली. थोडी रडली असेल, पण अक्कानं ते पिठाच्या नावावर खपवलं.

दसरा झाला आणि केंद्रात जायचा दिवस आला. तिघंही गेले. डॉक्टरनं तपासलं, तिचं डोकं यंत्रात घालून मागच्या खोलीचं चित्र काढलं, आणि या वेळी सुवर्णानं कानाचं सगळं खरंखरं सांगून टाकलं. डॉक्टर रागावली नाही. म्हणाली, "मला चित्रात दिसतच होतं. तुम्ही कधी सांगता, वाट बघत होते. आता ठरवा. इथं थांबलं तर दिवाळीनंतर कान परत यायला लागतील. माझी घाई नाही."

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," मालनअक्का म्हणाली. "ही दोन्ही परत करायला निघाली तर देव काय म्हणंल?"

"मी कुठं मागितले होते, अक्का?" सुवर्णा हसत म्हणाली. "मला काय कमी होतं? यांची हौस, म्हणून तर आले. यांनाच विचारा."

"माझी हौस नाही," गुरुपाद म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. तो सवयीनं डुलत होता, तो थांबला.

"मी बातमी वाचली, तेवढंच. मला तू आधी होतीस तशी पसंत होतीस, आता आहेस तशी आहेस. जवारी तू लाव नाहीतर मी लावतो, कारखाना चालेल. तेव्हा माझ्या नावावर काही घालू नकोस, सुवर्णा. हौस माझी नाही."

खोलीत बारीक आवाज झाले. अक्काच्या बांगड्या किणकिणल्या. डॉक्टरनं खुर्ची सरकवली. कुणाचाच आवाज ओला नव्हता. सगळे नुसते वाट बघत होते.

सुवर्णानं चष्मा नीट केला. समोर गुरुपाद अगदी स्थिर उभा होता, भिंतीपुढं, आणि तरी भिंतीत मिसळला नव्हता. नाकाखाली मिशी होती. मिशी वाकडी कातरलेली होती. हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"मला बघायचंय," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला की तिनं तो पुन्हा, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असा काढला. "मला बघायचंय. लहानपणापासून बघायचंय."